तेहेतिसावी ओंजळ

भगवान महाकालेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून आणि घरच्या गजाननाचे स्मरण करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, आमच्या उज्जैनच्या मराठी समाजातील काही तरुण मंडळींनी आपले हे सदर मला मोबाइलवर दाखविले आणि "आजोबा, तुमचा तो रामघाटावरचा अनुभव एकदा लिहून टाकाच" असा लकडा लावला. मला टाईप करता येत नाही. मी कागदावर लिहितो, ते उतरवून घेतील.

आरंभीच स्पष्ट करतो की, भूतपिशाच्च या विषयावर माझा कधीही विश्वास नव्हता. पन्नास वर्षे लोकांकडून श्राद्धे करवून घेणारा मनुष्य असे म्हणतो याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मी पितर मानतो, भूत मानत नाही. पितर संकल्पाने येतात, तिलोदकाने तृप्त होतात आणि आपल्या लोकी परततात. ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. जे कोणी दिसल्याचे सांगत, त्यांना मी पित्ताचे औषध घेण्याचा सल्ला देत असे… हा सल्ला मी पुष्कळांना दिला आहे.

माझे वय आता अठ्ठ्याहत्तर. आमचे पूर्वज दरबारच्या चाकरीत लेखनिक म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. मी संस्कृत पाठशाळेत शिकविले. त्याच्या जोडीने तेव्हापासूनच रामघाटावर, माझ्या घरापासून शंभर पावलांवर, ज्यांना शास्त्रशुद्ध तर्पण करावयाचे असते त्यांना बसवितो.

माझ्या यजमानांत सैन्याची एक पलटण आहे. तिचे नाव लिहीत नाही, तशी त्यांची विनंती आहे. तिच्या जन्माची कथा अशी की, फार पूर्वी एक हरलेली फौज चंबळेच्या एका उतारावरून – म्हणजे जिथे नदी पायी ओलांडता येते अशा जागेवरून – मागे हटत होती. सोबत बायकामुले, बैलगाड्या, जखमी. शत्रू पाठीवर. तेव्हा मूठभर शिपाई आपणहून उतारातच उभे राहिले आणि सकाळपासून सूर्यास्तापर्यंत त्यांनी कोणाला पाण्यात पाय टाकू दिला नाही. पलीकडे सगळे सुखरूप पोहोचले. उतारातला एकही परतला नाही. वाचलेल्यांनी प्रथम उज्जैन गाठले, शिप्रेत त्या सर्वांच्या नावे पाणी दिले आणि त्याच घाटावर शपथ घेऊन नवी पलटण उभी केली. "एकही परतला नाही" हे आजही त्यांचे ब्रीद आहे. स्थापनेच्या दिवशी छावणीत उतारात पडलेल्या बत्तीस जणांची हजेरी घेतली जाते आणि प्रत्येक नावाला सगळी पलटण एका आवाजात "हाजिर" म्हणते. त्याच तिथीला बत्तीस जवान इथे येतात, एकेका नावाला एकेक. घाटावर मात्र हजेरी नसते. तिथे फक्त पाणी.

आता भाऊसाहेबांविषयी. हे माझे बालमित्र, रेल्वेत गार्ड होते, फ्रीगंजात राहतात. रविवारी सकाळी टावर चौकात पोहे खाता खाता जगातल्या प्रत्येक गोष्टीवर आमचे मतभेद होतात. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मार्गशीर्ष लागला आणि एका रविवारी पोहे तसेच ठेवून ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, एक काम है तुमच्याकडे. नाही म्हणू नका."

"आधी काम सांगा."

"तुमच्या त्या पलटणीच्या यादीत एक नाव घाला."

मग त्यांनी जे सांगितले ते पासष्ट वर्षांच्या मैत्रीत मी प्रथमच ऐकत होतो. त्यांच्या घराण्यातला एक तरुण त्याच उतारावर होता. अविवाहित, आईचा एकुलता. लढाईनंतर तीन दिवसांनी, भर दुपारी, तो घरी आला. दाराशी उंबऱ्याबाहेर उभा राहिला, नखशिखांत ओला, तोंडातून शब्द नाही. लढाईची बातमी घरी त्याच्या आधी पोहोचली होती. आईने विचारले, "बाकीचे कुठे आहेत?" तो बोलला नाही. त्याने फक्त ओंजळ पुढे केली. आई म्हणाली, "उतार सोडून आलेल्याला या घरचे पाणी नाही," आणि दार लावून घेतले. पुन्हा उघडले तेव्हा तो नव्हता. पुढे तो कोणाला कधीच दिसला नाही.

"तेव्हापासून आमच्यात असा दंडक आहे," भाऊसाहेब म्हणाले, "की पितृपक्षात शेवटचं नाव झालं की तांब्या पालथा घालायचा. त्याला थेंब जाऊ नये म्हणून. नावसुद्धा टाकलं त्याचं, आज कोणाला ठाऊक नाही. आमच्यात त्याला नुसतं 'तो परतलेला' म्हणतात. वडिलांनी जाताना माझ्याकडून वचन घेतलं, तांब्या पालथा घालीन म्हणून. साठ वर्षं घालतोय. पर अब डॉक्टर ने बोल दिया है, दिल की हालत ठीक नाही. मी गेलो की पोराला यातलं काहीच करायचं नाही. मग त्याला पाणी न देणारासुद्धा कोणी उरणार नाही, शास्त्रीबुवा."

मी चमचा खाली ठेवला. ते पुढे म्हणाले,

"मी देऊ शकत नाही, वचन आहे. पण ज्यांच्याबरोबर तो उभा होता, त्यांच्या पलटणीने दिलं तर?"

आणि मी नाही म्हटले. जे म्हटले ते शास्त्राला धरूनच होते, म्हणून त्याचे ओझे अधिक आहे. मी म्हणालो की, संकल्प यजमानाचा असतो. यजमानाने दिलेल्या यादीत पुरोहिताने आपल्या मनाचे नाव घुसडू नये. शिवाय नाव तुम्हांलाच माहीत नाही. आणि ज्यांचे ब्रीदच "एकही परतला नाही" असे आहे, त्यांच्या ओंजळीतून मी परतलेल्याला पाणी कसे देववू?

"बरोबर आहे," भाऊसाहेब म्हणाले. "तुमचं नेहमी बरोबरच असतं, हीच तर मुसीबत आहे." त्यांनी पोह्यांची प्लेट माझ्याकडे सरकवली.

घरी येऊन सौ.ला सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप घालता, नाव ठाऊक नसलं तर त्याचीही सोय तुमच्या पोथीत आहे. सगळ्यांसाठी सोय आहे, एका भाऊजींसाठी तेवढी नाही." मी पंचांग उघडून बसलो.

पलटणीची तिथी मार्गशीर्षाच्या वद्य पक्षातली. आपल्या पंचांगाने मार्गशीर्ष. इथल्या लोकांच्या पंचांगाने तो पौष होतो, त्यावरून पलटणीच्या सुभेदारांचा दरवर्षी एक फोन येतोच. त्या दिवशी सूर्योदय होऊन घटकाभर झाली होती. शिप्रेवर धुके होते. इथले धुके दाट नसते, पुष्कळ धुतलेल्या पंच्यासारखे विरविरीत असते आणि त्यातून पलीकडचा घाट स्वप्नातल्या गावासारखा दिसतो, आहे म्हणावा तर हालतो. घाटावर घंटा वाजत होत्या, पण त्यांचा नाद जवळून येत असूनही दुरून आल्यासारखा वाटत होता. वरच्या पायरीवर शाल गुंडाळून भाऊसाहेब बसले होते. मी त्यांना बोलाविले नव्हते. त्यांनी मला लांबूनच हात केला आणि नदीकडे तोंड फिरविले.

जवान पाण्यात उतरले. सगळे उघड्या अंगाने, पांढरी धोतरे नेसून, उजव्या खांद्यावर उपरणे, दक्षिणेकडे तोंड करून एका पायरीवर, एका रांगेत. कमरेइतके पाणी. उजव्या टोकाला सुभेदार स्वतः, बत्तिसांतलेच एक. मी कोरड्या पायरीवर, लॅमिनेट केलेली यादी मांडीवर घेऊन बसलो.

एक एक नाव घ्यावे, गोत्र उच्चारावे, "तृप्यताम्" म्हणावे. ज्याच्या वाट्याचे ते नाव तो जवान तीळ घातलेले पाणी तीन वेळा सोडी. पाणी पाण्यात पडण्याचा तो आवाज… थोडा वेळ ऐकत राहिले की आपण म्हणतो आहोत की आपल्याकडून कोणी म्हणवून घेते आहे, हे कळेनासे होते. दहा नावे झाली, वीस झाली. ऊन धुक्यात मिसळून सगळी नदी तुपाच्या रंगाची झाली होती. बत्तिसावे नाव झाले, मी यादी खाली ठेवली आणि मान वर केली.

रांगेच्या डाव्या टोकाला आणखी एक जण उभा होता.

मी दचकलो वगैरे नाही. उलट थोडा त्रासलो. वाटले, उशिरा आलेला कोणी जवान असेल, याचे नाव माझ्याकडून सुटले की काय. त्याचेही अंग उघडे, तेही पांढरे धोतर, इतरांहून वेगळे काही नाही. पाणी मात्र इतरांना कमरेइतके, त्याला छातीइतके. एक पायरी खाली का उतरला, तिथे शेवाळ आहे, घसरेल… एवढेच मनात आले. मग मी त्याचे हात पाहिले.

तर्पणाचे पाणी सोडताना ओंजळ उजवीकडे कलती करावी लागते, म्हणजे ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून जाते. त्या जागेला पितृतीर्थ म्हणतात. पन्नास वर्षे मी लोकांचे हात धरून ती कलती करवितो. त्यामुळे चेहऱ्याआधी मला हातच दिसतात. रांगेतल्या बत्तीस जणांचे हात अजून कलते होते. या माणसाची ओंजळ सपाट होती, हनुवटीशी धरलेली, करंगळ्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या. वाटसरू दाराशी येऊन पाणी मागताना धरतो तशी. ती देणाऱ्याची ओंजळ नव्हती. घेणाऱ्याची होती.

जे सवयीने कोणालाही विचारतो, तेच तोंडून निघाले. "नाम? गोत्र?"

तो म्हणाला, "सटवाजी. गोत्र कौंडिण्य."

आवाज मोठा नव्हता. मराठी होता, आमच्यासारखा हिंदीच्या वळणाचा नव्हे. कौंडिण्य हे भाऊसाहेबांचे गोत्र, हे मला त्या क्षणी आठवले की नंतर, याची खात्री मी देऊ शकत नाही. ब्रीद आठवले, संकल्प आठवला, रविवारचे माझेच शब्द आठवले. आणि हेही जाणवले की मी आत्ता गप्प बसलो, तर दार दुसऱ्यांदा लागेल.

मी म्हटले, "कौण्डिन्यगोत्रः सटवाजीवर्मा तृप्यताम्."

आणि बत्तीस गळ्यांतून एकाच वेळी आवाज आला – "हाजिर."

पुढचे दोन उच्चार मी कसे केले ते आठवत नाही. बत्तीस ओंजळी एकदम भरल्या आणि कलल्या. तीन वेळा. त्या माणसाच्या हातांत वरून कोणी काही ओतले नव्हते, पण ओंजळीत पाणी साचले. तो प्यायला. कोपरे वर करून, मान खाली घालून, लांबून आलेला मनुष्य पितो तसा. कोपरांवरून ओघळणारे पाणी मला दिसत होते. मग धुक्याचा एक पदर सरकला आणि तिथे नदी होती. पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता.

सुभेदार पायऱ्या चढून माझ्याकडे आले. भला मनुष्य, पहाडी भागातला, सहसा आवाज चढत नाही. म्हणाले, "पंडितजी, ये आखिरी नाम कौन-सा था? लिस्ट में तो नहीं है."

"आपने सुना?"

"सुना क्या, जवाब दिया. सबने दिया. घाट पे हम कभी जवाब नहीं देते." मग मागे वळून रांगेत आपल्या शेजारी उभ्या असलेल्या जवानाला त्यांनी विचारले, "तूने क्यों बोला?"

"साहब, बाजूवाले ने बोला तो मुँह से निकल गया."

"और तूने?"

"मेरे भी बाईं तरफ़ से आवाज़ आई, साहब."

असे विचारीत विचारीत ते रांगेच्या डाव्या टोकाला पोहोचले. शेवटचा जवान जरा घुटमळला. म्हणाला, "मेरे भी, साहब. बाईं तरफ़ वाले ने पहले बोला." सगळ्यांनी त्याच्या डावीकडे पाहिले. तिथे पाणी होते. एकाने उपरणे खांद्यावर नीट केले.

मी सुभेदारांना एका बाजूस घेऊन, भाऊसाहेबांचे नाव न घेता, यादी कशी झाली ते विचारले. ते म्हणाले, "जो किनारे पे मिले, उन्हीं के नाम हैं. अगले दिन जिनके शरीर मिले. जो नदी ले गई, उसको कौन लिखता?" मग म्हणाले, "नाम लिख के दे दीजिए, पंडितजी. मैं आगे बात करूँगा. वादा नहीं करता." मी लिहून दिले.

भाऊसाहेब कानाचे यंत्र घरी विसरून आले होते. त्यांना "हाजिर" ऐकू गेले नव्हते. त्यांनी एवढेच पाहिले होते की बत्तीस नावे संपल्यावर पुन्हा एकदा सगळ्यांनी पाणी सोडले. मी त्यांच्याजवळ बसलो आणि कानाशी तोंड नेऊन सगळे सांगितले.

"नाव काय म्हणालात?"

"सटवाजी."

त्यांनी ते दोनतीनदा पुटपुटले. "आमच्यात असलं नाव मी ऐकलेलं नाही," म्हणाले. मग, "प्यायला?"

"प्यायला."

"सगळं?"

"कोपरांवरून थोडं सांडलं."

ते हसले, आणि मग पुष्कळ वेळ शालीत तोंड घालून बसले. मी त्यांचा हात धरला होता.

दुपारी घरी सौ.ला हे सांगितले तेव्हा मला वाटले होते, ती देवापुढे दिवा लावील. तिने पोळी लाटता लाटता विचारले, "अहो, तो मुलगा लढाईनंतर तीन दिवसांनी घरी आला ना?"

"हो."

"पायी?"

"दुसरं काय."

"आणि नखशिखांत ओला?" तिने लाटणे थांबविले. "मार्गशीर्षातलं कोरडं ऊन. तीन दिवस चालून आलेला माणूस ओला कसा राहील?"

मी शास्त्रे शिकविली. तर्कसंग्रह तर अनेक तुकड्यांना शिकविला. आणि दोनशे वर्षे त्या घराण्यातल्या कोणा पुरुषाला, आणि ती कथा ऐकून मला, हा प्रश्न पडला नाही. ज्याला सगळ्यांनी परतलेला मानले, तो उतारातून बाहेर आलेलाच नव्हता. नदीने त्याला नेले होते. दाराशी जो आला होता तो आईकडे पाणी मागायला आला होता, आणि आईने त्याला जिवंत समजून दोष दिला.

संध्याकाळी आम्ही दोघे फ्रीगंजात गेलो. सांगण्याचे काम सौ.नेच केले. मला वाटले होते, भाऊसाहेबांना आनंद होईल. घराण्यावरचा डाग गेला. परंतु त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी," ते म्हणाले, "मग त्या माउलीचं काय? ती तर मरेपर्यंत हेच समजली असेल की पोरगा पळाला. तिला कोण सांगणार?"

सौ. उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब रिक्षा करून घाटावर आले. यंत्र कानात होते. या वयात, त्या थंडीत, डॉक्टरांना न विचारता ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांना धरायला मीही उतरलो. म्हणाले, "तिला पाणी द्यायला मला कसलंही वचन आड येत नाही." तिचे नाव कोणास ठाऊक नव्हते. पोथीत त्याची सोय आहे, त्याप्रमाणे मी म्हटले. दोन ओंजळी सोडल्या. तिसरीच्या वेळी ते थांबले.

"शास्त्रीबुवा, तर्पणात निरोप घालता येतो?"

"शास्त्रात तसे नाही."

"शास्त्राबाहेर घाला. तुमच्या तोंडून गेलेलं पोहोचतं, हे काल पाहिलं की तुम्ही."

त्यांची ओंजळ नीट कलती होती. मी त्या हातांखाली माझा हात धरला, आणि आयुष्यात प्रथमच मंत्राच्या जागी घरची बोली बोललो. म्हणालो, "बाई, तुमचा मुलगा पळाला नव्हता. तो उतारातच राहिला. तुम्हांला भेटायला आला होता."

भाऊसाहेबांनी पाणी सोडले.

यानंतरचे मला काही दिसले नाही, काही ऐकू आले नाही. जे पाहिले नाही ते लिहिणार नाही. आदल्या दिवशीच्या प्रकाराबद्दल माझा मुलगा म्हणतो की, वय, उपाशी पोट, धुके आणि नकार दिल्याची टोचणी यांनी मिळून तो माणूस उभा केला. गोत्र तर मला ठाऊकच होते. हे सर्व शक्य आहे, आणि मी मुलाशी वाद घालीत नाही. पण ते नाव कोठून आले? आणि बत्तीस जणांच्या डावीकडून प्रथम कोण बोलले? या दोन प्रश्नांपुढे माझी विद्या आजही थांबते. सुभेदारांचा फोन पंचांगाविषयी येतो. यादीविषयी ते अजून काही बोललेले नाहीत. मीही विचारीत नाही.

वाचकहो, इतके धीराने वाचलेत, आपले कल्याण असो. महाकालेश्वर आपल्याला, आपल्या मुलाबाळांना आणि घरच्या वृद्धांना निरोगी दीर्घायुष्य देवो. जे आपल्यातून गेले ते तृप्त राहोत. आणि आपल्या उंबऱ्यावर जो कोणी, ज्या कोणत्या अवस्थेत येईल, त्याला प्रश्न विचारण्याआधी पाणी देण्याची बुद्धी आपल्या घरात अखंड नांदो.